दोन मिनिटांची फोड

कारखान्यात तिला सगळे घड्याळबाई म्हणायचे. हे नाव नक्की कोणी पाडलं यावर दोन मुकादमांमध्ये अजूनही वाद आहे, पण नाव चपखल होतं यावर दोघांचंही एकमत. सफरचंदाची कापलेली फोड तिच्यासमोर धरा, ती डोळे किंचित बारीक करायची आणि म्हणायची, "अकरा मिनिटं." फार तर बारा निघायची. बटाटा असो, वांगं असो, पेअर असो, बाईंचा अंदाज हुकला असा दिवस एकवीस वर्षांत क्वचितच उगवला.

कारखाना कापलेल्या फळा-भाज्यांचा. शहरातल्या उपाहारगृहांना, शाळांना, इस्पितळांना इथून फोडींची पाकिटं जायची. घड्याळबाई रंग तपासायच्या खोलीत. खोली थंड, भिंती पांढऱ्या, वर पांढऱ्या नळीदिव्यांची रांग, आणि पंख्याची एकसुरी घरघर. कापणारी बाई फोड ताटलीत ठेवायची, ताटलीच्या पोटाला कापल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवायची आणि ताटली आत पाठवायची. घड्याळबाईंनी आधी रंग बघून मिनिटं सांगायची, मगच ताटली उलटी करून चिठ्ठी वाचायची. आधी चिठ्ठी बघितली की डोळा खोटं बोलायला लागतो, असं ती नव्या मुलींना बजावायची.

नवी मुलगी आली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, फळ काळं का पडतं? मग बाईंचं व्याख्यान सुरू. "फळाच्या आत बारीक बारीक खोल्या असतात बघ. एका खोलीत विकर, म्हणजे एन्झाइम, बसलेलं असतं, दुसऱ्या खोलीत त्याचा खाऊ. मधे भिंत, म्हणून दोघं गुण्यागोविंदाने नांदतात. तू सुरी चालवलीस की भिंत पडली. वरून हवा आत आली. झालं! विकराला खाऊ मिळाला, हवा मिळाली, ते लागलं कामाला, आणि फोड तपकिरी. फळ सडलेलं नसतं गं. भिंत पडलेली असते, एवढंच."

ते काम थांबवायचं असेल तर विकराला उकळत्या पाण्याने मारायचं, नाहीतर लिंबासारख्या आंबट पाण्यात बुडवायचं, नाहीतर कारखान्याची ती पांढरी पावडर वापरायची. पावडरीच्या पाण्यातून काढलेल्या फोडीला ना वास ना चव, आणि दिवसभर ती आत्ताच कापल्यासारखी दिसायची. पावडर प्रयोगशाळेतल्या पोरीच्या कुलपात असायची. तपासणीपुरत्या छोट्या पुड्या तेवढ्या बाईंच्या टेबलावर.

एवढं सगळं ठाऊक असलेल्या बाईची एका सोमवारी बोबडी वळली, तीसुद्धा चार फोडी बघून.

संध्याकाळी पाच वाजता ती घरी आली. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, एक दार, गजांची एक खिडकी. घरात आई एकटी. आईचं वय ब्याऐंशी, हातांना कंप, चालायला चौपायी काठी. म्हणून बाई बाहेरून कुलूप लावून जायची आणि सुऱ्या कपाटात ठेवून त्याची किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवायची. गॅसचा खटकासुद्धा बंद. त्या दिवशी कुलूप जसंच्या तसं होतं. आणि आईच्या खाटेशेजारच्या स्टुलावर ताटलीत सफरचंदाच्या चार फोडी होत्या.

पांढऱ्याशुभ्र.

बाईंचा डोळा सवयीने बोलून गेला, दोन मिनिटं. आणि मग तिच्या अंगावर सरसरून काटा आला. दोन मिनिटांपूर्वी ती गल्लीच्या तोंडाशी होती, दार समोर दिसत होतं, आणि दारातून कोणीही बाहेर पडलं नव्हतं.

"आई, हे कोणी कापलं?"

आई भिंतीकडे बघत शांतपणे म्हणाली, "तुझे बाबा येऊन गेले."

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

बाईने मोरीत पाहिलं, खाटेखाली पाहिलं, कपाटामागे हात घालून पाहिलं. सुऱ्या कुलपात होत्या, कोरड्या. तिने फोड उचलून नाकाशी नेली, लिंबाचा वास नाही. जिभेला लावली, मिठाची चव नाही. बी काढताना दोन तिरके काप, सालीची एक पट्टी तशीच ठेवलेली. ही बाबांचीच पद्धत. त्यांनी दोन्ही मुलांना हाताला धरून शिकवलेली. तिने चारही फोडी कचऱ्यात टाकल्या. आईने फक्त सुस्कारा सोडला.

आता भुताला ती घाबरली असती तर गोष्ट सोपी होती. तिची भीती वेगळीच होती, आणि ती भीती दर रविवारी पांढरा सदरा घालून घरी यायची. तिचा धाकटा भाऊ. तासाभराच्या अंतरावर राहणारा, वागायला लोण्यासारखा, पण दोन महिन्यांपासून त्याच्या पिशवीत एका संस्थेचे कागद होते. ज्यांना आठवणी राहत नाहीत अशा माणसांची काळजी घेणारी संस्था. भावाने तो विषय काढला की बाई उठून भांडी घासायला जायची. परक्या खाटेवर आईला डोळ्याला डोळा लागायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि आईशिवायच्या या दोन खोल्यांत आपण कोणासाठी यायचं, हेही तिला उमजत नव्हतं. मेलेला नवरा येऊन सफरचंद कापतो असं आई रविवारी भावासमोर बोलली, की संपलं सगळं.

"आई, बाबांचं दादासमोर बोलू नकोस हं." धाकटा असला तरी ती त्याला लाडाने दादाच म्हणायची.

"नाही बोलणार," आई म्हणाली. "तू जेव आधी."

मंगळवारी चार फोडी. दोन मिनिटं. बुधवारी बाई मुद्दाम अर्धा दिवस टाकून दुपारी दोनलाच घरी आली. चार फोडी, दोन मिनिटं. येणाऱ्याला तिची वेळ आधीच कळत होती. ती दाराशी पोहोचायची आणि घरात कोणीतरी सुरी खाली ठेवायचं. हा विचार मनात आला तेव्हा ती ताटलीकडे पाठ करून उभीसुद्धा राहू शकली नाही.

कामावरही तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. प्रयोगशाळेतली पोरगी म्हणाली, "मावशी, ही ताटली तुम्ही मगाशी तपासलीत."

"मगाशीची वेगळी होती," बाई फणकारली.

"बरं," म्हणून पोरीने मुकाट्याने ताटली उचलली. एरवी ही पोरगी एका शब्दाला दहा शब्द परत करणारी. तिने आज वाद घातला नाही हे बाईला खटकलं, पण तेवढ्यापुरतंच.

बुधवारीच तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घराची दुसरी किल्ली भावाकडे होती! बाबांची कापायची पद्धत त्यालाही येत होती. आईला वेडी ठरवायचं तर याच्याइतका सोयीचा मार्ग कुठला? खिडकीचे गज तिने हलवून पाहिले, पक्के होते. म्हणजे येत असेल तो दारानेच. कसा आणि कधी, ते तिला आपल्या डोळ्यांनी पाहायचं होतं. रागाने तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. तिने फोन लावला.

"तू माझ्या घरी चोरून येतोस का रे?"

भाऊ म्हणाला, "ताई, रविवारी येतोय ना मी. तेव्हा निवांत बोलू."

"निवांत काय बोलायचंय? हो की नाही सांग."

"नाही गं ताई." त्याचा आवाज इतका थकलेला होता की तिचा राग अर्धा ओसरला.

गुरुवारी सकाळी साडेसातला घराला कुलूप घालून ती कामाला गेलीच नाही. समोरच्या शिंप्याच्या दुकानात शिरली. तिथल्या स्टुलावर बसलं की तिचं दार, खिडकी आणि पायरीवरची चपलांची फळी, सगळं स्वच्छ दिसायचं. हातात उसवलेली उशी घेतली होती, काहीतरी निमित्त हवं म्हणून.

शिंपी चष्म्याच्या वरून बघत म्हणाला, "आज परत?"

"परत म्हणजे?"

"परवाही दिवसभर इथंच बसला होतात की ताई. हीच उशी घेऊन."

शिंप्याकडे दिवसाला पन्नास बायका येतात, त्याला कोण कोण लक्षात राहणार, असं तिने मनाशी म्हटलं. परवा मंगळवार, मंगळवारी आपण कामावर होतो. उशीची शिवण मात्र तिने पुन्हा एकदा निरखून पाहिली. एका बाजूने ती नव्या दोऱ्याने घातलेली होती.

ती डोळ्यांत तेल घालून बसली. नऊ वाजता दूधवाला गेला. अकराला एक मांजर पायरीवर बसून अंग चाटून गेलं. बारानंतर ऊन दारावर आलं आणि पितळी कुलूप चमकायला लागलं. एक, दोन, तीन वाजले. पाणी प्यायलासुद्धा ती उठली नाही. शिंप्याने दिलेला चहा तसाच साय धरून निवला. दाराकडे कोणी फिरकलं नाही. साडेचारला तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. आज ताटली रिकामी असणार. भाऊ घाबरला असणार फोनला.

ती रस्ता ओलांडून आली, किल्ली कुलपात घातली, फिरवली, दार ढकललं.

चार फोडी. पांढऱ्याशुभ्र.

दिवसभर या दारातून कोणी आत गेलं नव्हतं. म्हणजे जे कोणी होतं ते आतच होतं. सकाळपासून. या दोन खोल्यांत. आईबरोबर.

तेव्हा एकवीस वर्षांची नोकरी तिच्या मदतीला धावली. हात आपलं काम करू लागले. तिने एक फोड उचलून खिडकीच्या कट्ट्यावर उजेडात ठेवली आणि मनगटावरचं घड्याळ काढून तिच्याशेजारी मांडलं. नुसता अंदाज पुरे झाला, आता मोजून बघायचं होतं.

पाच मिनिटं. फोड पांढरी.

पंधरा मिनिटं. खरं तर एव्हाना कडेने फिकट चहाचा रंग चढायला हवा होता. फोड पांढरी.

चाळीस मिनिटं. फोड तशीच्या तशी. तिने बोटाने दाबून पाहिलं, वरचा पापुद्रा किंचित चिवट लागला. ही फोड दोन मिनिटांची नव्हती. ही कितीतरी तासांची होती, आणि कारखान्याच्या पावडरीतून निघालेली होती. नवख्या मुलीनेही आधी हे तपासलं असतं. पण पावडर कुलपात असते हे बाईला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याहून पक्का होता तिचा स्वतःच्या डोळ्यावरचा विश्वास.

तिने ताटली उचलली आणि सवयीने उलटी केली. पोटाला काहीच चिकटवलेलं नव्हतं. पण अंगठ्याला चिकट लागलं. चिठ्ठीएवढा चौकोन, डिंकाचा, ताजा.

"आई, इथली चिठ्ठी कुठंय?"

आईने पदर सारखा केला. पण तिची नजर नको असताना खाटेच्या डोक्याकडच्या भिंतीकडे गेली.

बाईने सगळा जोर लावून खाट पुढे ओढली. भिंतीवर, जिथे खाटेचा माथा टेकायचा तिथे, चिठ्ठ्या होत्या. कारखान्याच्या, पांढऱ्या, चौकोनी. एकीखाली एक, ओळीने, हाताला कंप असलेल्या माणसाने माथ्यामागच्या फटीतून हात घालून चिकटवलेल्या म्हणून थोड्या तिरक्या. तिने सगळ्यात खालची वाचली. आजची तारीख. कापणी सात वाजून दहा मिनिटं. तिच्या वरची, कालची. सात वाजून आठ मिनिटं. तिच्या वरची, परवाची. तीन महिन्यांच्या चिठ्ठ्या, एकही दिवस गाळलेला नाही. आणि प्रत्येक चिठ्ठीवरचं अक्षर घड्याळबाईंचं होतं.

ती मटकन खाली बसली.

"बस, बस. पाणी पी," आई म्हणाली. "सकाळी उठतेस, सफरचंद कापतेस, तुझ्या पुडीचं पाणी करून त्यात बुडवतेस, सुरी धुऊन पुसून कुलपात ठेवतेस, ताटलीच्या पोटाला वेळेची चिठ्ठी लावतेस. डबा झाकून ठेवतेस आणि म्हणतेस, आई, दुपारी खा. मी चार खाते, चार तुझ्यासाठी ठेवते. दारात किल्ली वाजली की ताटलीत काढते. तुला गार डब्यातल्या आवडत नाहीत ना."

"आणि बाबा?"

"पहिल्यांदा विचारलंस तेव्हा मी खरंच सांगितलं होतं. तू कापलीस म्हटलं. तू एवढी घाबरलीस, जेवली नाहीस, लहान पोरीसारखी माझ्या कुशीत रडलीस. दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तेच विचारलंस, कोणी कापलं? पुन्हा सांगितलं, पुन्हा रडलीस. चौथ्या दिवशी माझ्याच्याने बघवेना. म्हटलं, यांच्यावर ढकलू. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं." आईने पदराने नाक पुसलं. "तू मला भ्रमिष्ट समजलीस तरी चालेल, असं ठरवलं मी. माझं काय, माझं वयच आहे भ्रमिष्ट व्हायचं."

"चिठ्ठ्या कशाला ठेवल्यास?"

"तुझं अक्षर आहे ते. केरात कसं टाकू?"

बाईने सोमवार आठवून पाहिला. तो पहिला सोमवार नव्हता. तिला वाटलेली ती पहिली भीती तिने तीन महिन्यांत कितीदा नव्याने अनुभवली होती, कोण जाणे. तिच्या डोक्यात कुठेतरी भिंत पडत होती आणि आजवर तिला त्याचा पत्ताही नव्हता. तिला स्वतःची इतकी दया आली की ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. आईने तिच्या केसांतून थरथरता हात फिरवला. ही कितवी वेळ, हे विचारायचा तिला धीर झाला नाही.

पण रविवार विसरून चालणार नव्हतं. शुक्रवार, शनिवार तिने मनाशी एकच गोष्ट घोकली. दादाला सांगायचं. भ्रमिष्ट आई नाही, मी आहे. आई माझं पाप पांघरून बसलीय, तिला कुठे पाठवू नकोस. आपली नोकरी जाईल, लोक हळहळतील, मुकादम दोघं आता नव्या नावावर वाद घालतील. जाऊ दे. आईला परक्या खाटेवर झोपावं लागू नये, बस्स.

रविवारी सकाळी दहाला भाऊ आला. पांढरा सदरा, खांद्याला पिशवी. त्याने आईच्या पायांना हात लावला, ताईने दिलेलं पाणी प्यायला आणि पिशवीतून कागद काढून मांडीवर ठेवले.

आई लगबगीने बोलू लागली. "अरे, तुझे बाबा आले होते. सफरचंद कापून गेले. परवासुद्धा आले होते." तिचा आवाज नाटकातल्या नवशिक्यासारखा मोठा होता आणि डोळे लेकीवर खिळले होते.

"आई, पुरे," घड्याळबाई म्हणाली. तिने उभं राहून सगळं सांगितलं. ताटली, पावडर, भिंतीवरच्या चिठ्ठ्या, सात वाजून दहा मिनिटं. एक अक्षरही लपवलं नाही. शेवटी म्हणाली, "फोडी मीच कापते रे. आई ठणठणीत आहे. तिला नेऊ नकोस."

भावाने मांडीवरचे कागद सारखे केले. त्याला धक्का बसला नाही. त्याचे डोळे भरून आले.

"ताई," तो अगदी हळू म्हणाला, "हे तू मला गुरुवारी फोनवर सांगितलंस. काल दोनदा सांगितलंस. मागच्या रविवारी इथेच, अशीच उभी राहून सांगितलंस."

"शक्यच नाही. गुरुवारी तर मला कळलं."

"आईला मी कधीच नेणार नव्हतो गं. कागद आईचे नाहीत."

त्याने कागद तिच्या हातात दिले. नावाच्या ओळीवर तिचं नाव होतं, सुवाच्य, वळणदार. तिने वय वाचलं, नोकरीची वर्षं वाचली. मग पान उलटलं. खाली सही होती, तिचीच, आणि तारीख मागच्या रविवारची. सहीच्या वर एक ओळ तिने स्वतः लिहिली होती. आईला माझ्यासोबत राहू द्यावं, एवढीच विनंती आहे.

"त्यांनी हो म्हटलंय," भाऊ म्हणाला. "दोन खाटांची खोली आहे. खिडकीही आहे."

बाईने आईकडे पाहिलं. आईने काठी ओढून घेतली, तिच्यावर भार देऊन उठली आणि खाटेखालून एक बॅग पायाने पुढे सरकवली.

"तुझे सगळे कपडे भरलेत मी," ती म्हणाली. "तू सारखी परत काढून कपाटात लावतेस, म्हणून इथे ठेवलीय. चल, चपला घाल."